आत्याच्या मसाल्याचं पाकीट पोर्टफोलिओत ठेवू का?

ताई,

मी पुण्यात अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या डिझाइन स्टुडिओत इंटर्नशिप करायची आहे, त्यासाठी पोर्टफोलिओ पाठवायचाय. माझ्याकडे ब्रँडिंगचे सहा प्रोजेक्ट आहेत: एक कॅफे, एक स्किनकेअर ब्रँड, स्नीकर्स, कुत्र्या-मांजरांसाठीचं ॲप, एक म्युझिक फेस्टिव्हल आणि एका प्रसिद्ध संत्र्याच्या ज्यूसच्या डब्याचं रीडिझाइन. सगळं काल्पनिक. आमचे सर पाहून म्हणाले, "सुबक आहे, पण सहाही ब्रँड एकाच मालकाचे वाटतात." दुसरीकडे, माझी आत्या इचलकरंजीला घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. तिला लोगो आणि पाकीट हवंय. लोगोत मिरची, कांदा, लसूण, खलबत्ता, वर अंबाबाई आणि खाली "घरगुती चव" असं सगळं पाहिजे म्हणते. मी पाच-सहा पर्याय पाठवले. दर वेळी "छान आहे गं, पण भरल्यासारखं वाटत नाही" एवढंच उत्तर येतं. पैशांचं तर नावच नाही. माझ्या बाकीच्या कामाशेजारी हे गावठी दिसेल अशी भीती वाटते. ते पोर्टफोलिओत ठेवू का? आणि आत्याला कसं समजावू?

— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पुणे

---

ठेव. सगळ्यात पुढे ठेव. मात्र ते काम अजून झालेलं नाही, त्यामुळे आधी ते पुरं कर. कसं, ते खाली लिहिते.

तू सोबत पाठवलेली पीडीएफ निवांत पाहिली. तुझा हात चांगला आहे. अक्षरांमधली जागा तुला कळते, रंगांचा सोस नाही, आणि फेस्टिव्हलच्या पोस्टरांवरची ती तुटक रेघ मला मनापासून आवडली. तरी सरांचं म्हणणं बरोबर आहे. कॅफे, क्रीम, बूट, ॲप, सगळीकडे तोच फिकट पिस्ता आणि बेज, तोच बारीक गोलसर इंग्रजी फॉन्ट. आणि मग तेच मॉकअप, म्हणजे डिझाइन खऱ्या वस्तूवर बसवल्याची तयार चित्रं: करड्या दगडावर ठेवलेली व्हिजिटिंग कार्डं, खांद्याला अडकवलेली कापडी पिशवी, पानांची सावली पडलेली भिंत. ती सावली इतक्या पोर्टफोलिओंमध्ये पडलेली असते की स्टुडिओतल्या माणसांना आता ते झाडही ओळखीचं झालं असेल. स्किनकेअरच्या पानावर तू लोगोभोवती वर्तुळं आखून गोल्डन रेशो, म्हणजे ते सुंदर मानलं जाणारं प्रमाण, दाखवलं आहेस. ती वर्तुळं लोगो झाल्यानंतर आखली आहेत हे बघणाऱ्याला लगेच कळतं. ते पान काढून टाक.

यात तुझा फार दोष आहे असंही नाही. काल्पनिक प्रोजेक्टमध्ये मालक आपण, गिऱ्हाईक आपण, छापखानाही आपलाच. कुणी अडवत नाही, मग हात सवयीच्या वाटेने जातो. इंटर्न निवडणाऱ्याला मात्र नेमकं हेच पाहायचं असतं, की कुठे अडलं आणि तिथे या मुलीने काय केलं.

काल्पनिक कामातही अडथळे घालता येतात. तुझा कॅफे घे. तू तो कोरेगाव पार्कात दाखवलास आणि दारावर फक्त इंग्रजी नाव आहे. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत लागतं, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या लहान दुकानांनाही हे लागू झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे तुझा कॅफे उद्या खरोखर उघडला तर तुझी पाटी बदलावी लागेल. मग ती आत्ताच बदल. त्या गोलसर इंग्रजी नावाच्या जोडीला, त्याच अंगकाठीचं मराठी नाव काढ, दोन्ही सारख्या मानाने एका पाटीवर बसव. एवढ्या एका पानाने कॅफेचा प्रोजेक्ट वाचेल. बाकीची कपांची चित्रं कमी केलीस तरी चालेल.

ज्यूसचं रीडिझाइन मात्र काढ. न मागता केलेलं रीडिझाइन देखणं होणं सोपं असतं, कारण जुन्या डब्याने काय कमावलंय त्याचा हिशेब आपल्याला द्यावा लागत नाही. ट्रॉपिकानाने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत आपला डबा बदलला. संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ गेली, ग्लासातल्या रसाचं चित्र आलं, अक्षरं सडपातळ झाली. डबा नेटका होता, पण रोजच्या गिऱ्हाइकाला तो फळीवर ओळखू येईना. दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुना डबा परत आणला. तुझ्या डब्यातही फळ गायब आहे. हा किस्सा स्टुडिओतल्या कुणालाही पाठ असतो, आणि तुला तो पहिल्या पाच मिनिटांत ऐकावा लागेल.

आता आत्या.

"भरल्यासारखं वाटत नाही" हे वाक्य तुला अडाणीपणाचं वाटलं, असं पत्रातून जाणवतं. मला ते फार नेमकं वाटतं. आत्या तुझं डिझाइन मोबाइलच्या पडद्यावर बघते, पण डोक्यात किराणा दुकानातली फळी असते. तिथे शेजारी मोठ्या कंपन्यांची झगझगीत लाल पाकिटं लावलेली असतात. त्यांच्यापुढे आपलं पाकीट रिकामं, गरीब दिसेल, ही तिची भीती आहे. मिरची, कांदा, लसूण, खलबत्ता, देवी हे तिने त्या भीतीवर शोधलेलं उत्तर आहे. उत्तर चुकीचं असू शकतं, भीती खरी आहे. तू आतापर्यंत फक्त उत्तराशी भांडते आहेस.

तेव्हा आणखी पर्याय पाठवणं थांबव आणि इचलकरंजीला जा. शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि वर्षाचा मसाला होतो. ब्याडगी किती घालते, संकेश्वरी किती, कांदा वाळवून तळते की कसा, कांडप स्वतः करते की डंकावर नेते, हे सगळं विचारून लिहून घे. कोण विकत घेतं ते विचार. मला वाटतं त्यात पुण्या-मुंबईला राहणाऱ्या मुलांसाठी डबा भरून नेणाऱ्या आया बऱ्याच निघतील. तसं असेल तर पाकिटापेक्षा प्रवासात न सांडणारी बरणी जास्त महत्त्वाची ठरेल. मग ती जिथे माल ठेवते त्या दुकानात तासभर उभी राहा. गिऱ्हाईक मसाला कसा मागतं ते ऐक: नावाने, रंगाने, की "त्या बाईंचा द्या" म्हणून? लोक तिला "त्या बाई" म्हणून ओळखत असतील तर तुझ्या हातात ब्रँड आधीच तयार आहे, फक्त त्याला अक्षरं द्यायची आहेत. दुकानदाराला हेही विचार की पाकीट आडवं रचतो, उभं ठेवतो की टांगतो. टांगत असेल तर वर भोक पडणार, आणि तुझा लोगो आत्ता नेमका तिथेच आहे.

लोगोत पाच वस्तू कोंबू नयेत हे आत्याला तोंडाने सांगू नकोस. ती म्हणते तसाच लोगो प्रामाणिकपणे काढ, दोन सेंटिमीटरचा छाप, पाकिटावर चिकटव आणि तिला चार-पाच फुटांवरून बघायला लाव. शिवाय त्याचा रबरी शिक्का करून बघ. घरगुती धंद्याला शिक्का लागतोच, पावतीवर, खोक्यावर, कागदी पिशवीवर. खलबत्ता आणि लसूण शिक्क्यात एकमेकांत मिसळून काळा डाग झाला की पुढचं बोलणं सोपं होतं. मग तिला सांग की मिरची-कांदा-लसूण जाणार कुठेच नाहीत, ते पाकिटाच्या अंगावर भरभरून येतील. लोगोत फक्त नाव राहील. तिला हवा तो भरलेपणा पाकिटात द्यायला काय हरकत आहे? पांढरी जागा हा तुझ्या वर्गातला आग्रह आहे, तो मसाल्यावर लादायलाच हवा असं नाही.

अंबाबाईबद्दल एकच वाक्य पुरेल. पाकीट रिकामं झालं की फाडून कचऱ्यात जातं, पायाखाली येतं. आत्या स्वतःच देवी काढायला सांगेल.

"घरगुती चव" हे नाव म्हणून नको, पाकिटावर ओळ म्हणून राहू दे. जे शब्द मालाचं नुसतं वर्णन करतात त्यांची ट्रेडमार्क नोंदणी सहसा मिळत नाही. उद्या शेजारच्या गल्लीतल्या बाईंनीही तेच लिहिलं तर आत्याला काही बोलता येणार नाही. नुसतं "कोल्हापुरी" जोडूनही भागत नाही. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. सुचलेली नावं ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या ऑनलाइन शोधात टाकून बघ, ते फुकट आहे. पुढे नोंदणी करायचीच ठरली तर व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गामागे ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी वर्तुळातला आर छापू नकोस, तो गुन्हा आहे. मुलं तो शोभेचा म्हणून सर्रास लावतात. हे शोधकाम पोर्टफोलिओत एका पानावर दाखव: कोणती नावं सुचली, कोणती आधीच घेतलेली निघाली, कोणतं उरलं आणि का. तिसऱ्या वर्षाच्या मुलांत हे पान क्वचित दिसतं.

आता अक्षरांकडे ये. इथे तुला खरी मेहनत आहे, आणि खरी संधीही. तुझ्या सहाही प्रोजेक्टमध्ये देवनागरीचं एक अक्षर नाही. आत्याचं नाव आधी देवनागरीत काढ, इंग्रजी नंतर, गरज असली तर. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षकं शोधून बघ. नाटक विनोदी आहे की गंभीर, ते नुसत्या अक्षराच्या वळणावरून कळतं. मसाल्याचं नाव तिखट आहे की खमंग, हे तुझ्या अक्षरातून कळायला हवं. आधी बोरूने किंवा चपट्या ब्रशने कागदावर पानंच्या पानं लिही, मग संगणकावर ये.

पाकिटावरच्या बारीक मजकुरासाठी मुक्ता किंवा बालू हा फॉन्ट घे. दोन्ही "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, खुल्या परवान्याचे, धंद्यासाठीही फुकट. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप करताना पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला उडाली किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेला दिसला, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा राहिला आहे. भाषा मराठी निवड, म्हणजे ज्या फॉन्टात सोय आहे तिथे "ल" आणि "श" मराठी वळणाचे येतील. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. आणि लाल रंगात पांढरी बारीक अक्षरं कोरताना जपून. छपाईत शाई पसरते, बारीक रेघा बुजतात. अनुस्वार बुजला की कांद्याचा "कादा" होतो आणि गाव वर्षभर हसतं.

पाकीट कशाचं, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस. तुझ्या मॉकअपमध्ये ते तपकिरी क्राफ्ट कागदाचं आहे. कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं. नुसत्या कागदाच्या पिशवीत भरून आठवडाभर स्वयंपाकघरात ठेवून बघ, डाग फुटून बाहेर येतील. आतून प्लास्टिकचा थर असलेली पिशवी लागेल. मोठी पारदर्शक खिडकीही नको, उजेडाने मिरचीचा रंग उडतो. आणि पाकीट स्वतंत्र छापून घ्यायचं मनात असेल तर आधी भाव विचार: ग्रॅव्ह्यूअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि माल हजारोंच्या संख्येत उचलावा लागतो. आत्याचा खप बघता बाजारात मिळणारी तयार कोरी पिशवी आणि त्यावर चांगलं स्टिकर, हाच मार्ग आहे. मग सगळं डिझाइन त्या एका स्टिकरवर तोलायचं. रंग कमी, आकार ठरलेला, आत्याला घरी बसून सरळ चिकटवता येईल असा.

मागची बाजूही तुलाच करायची आहे. पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका. अक्षरांच्या उंचीचेही नियम आहेत, ते वाचून मगच आकार ठरव. एवढा मजकूर हातभर लांबीच्या यादीसारखा न दिसता नीट वाचता येईल असा बसवणं ही टायपोग्राफीची परीक्षाच आहे. तारीख आणि बॅचची जागा कोरी सोड, तिथे आत्या शिक्का मारणार. शिक्क्याची शाई चकचकीत लॅमिनेशनवर पुसली जाते, तेव्हा ते मॅट घे किंवा तेवढा भाग मोकळा ठेव. फाइल देताना प्रेसवाला "कोरलमध्ये द्या, कर्व्ह करून द्या" म्हणेल. नाक मुरडू नकोस. कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांचे आकार करून, आणि कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोड.

परत आत्याकडे गेलीस की तिच्यापुढे दोनच पर्याय ठेव. सहा ठेवलेस की ती सहांतले तुकडे निवडून सातवा मागणार. आणि मोबाइलवर पाठवू नकोस, स्टिकर छापून, मसाला भरून, तिच्याच दुकानदाराच्या फळीवर ठेवून दाखव. बाबांना मध्ये घालू नकोस. बहीण-भावाच्या फोनवर रंग परस्पर ठरून जाईल आणि तुला कळणारही नाही.

पैसे. घरचं काम म्हणून फुकट करायला माझी हरकत नाही, पण संदिग्ध ठेवायला आहे. छपाई, नमुने, प्रवास हा खर्च आत्याचा, हे आधीच सांग. ती नाही म्हणणार नाही. दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती ते ठरवून व्हॉट्सॲपवर लिहून टाक. मेहनतान्याची रक्कम लहान असली तरी ठरवून घे, पहिल्या चार महिन्यांच्या विक्रीनंतर दिली तरी चालेल. नाइकीचं चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरला केलं, हे प्रत्येक डिझाइनच्या वर्गात सांगतात. १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून शेअर दिले हा पुढचा भाग कमी वेळा सांगतात. आत्याकडून शेअर मिळणार नाहीत, वर्षाचा मसाला नक्की मिळेल, पण तो मेहनतान्यात धरू नकोस. तो तुला नाहीतरी मिळतच होता.

गावठी दिसेल, ही तुझी भीती राहिली. दूरदर्शनचं डोळ्यासारखं चिन्ह एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) शिकणाऱ्या देवाशीष भट्टाचार्य यांचं. २०१० मध्ये स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह उदय कुमार यांचं. ते तेव्हा मुंबईच्या आयआयटीत, तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात पीएचडी करत होते, आणि त्यात देवनागरीचा र आणि वरची रेघ आहे. दोन्ही कामं विद्यार्थ्यांची, आणि दोन्ही रोजच्या वापरात उतरलेली. तुझ्या हातात आत्ता वापरात उतरणारं एकच काम आहे.

पोर्टफोलिओत सात प्रोजेक्ट नकोत, तीन पुरेत. पहिला आत्याचा, त्याला दहा-बारा पानं दे: दुकानाच्या फळीचा फोटो, तेलाचा डाग पडलेली पिशवी, शिक्क्यात बिघडलेला पहिला लोगो, नाकारलेली नावं, बोरूचे कागद, पाकिटाची दोन्ही अंगं खऱ्या मापात. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी, साध्या भाषेत. दुसरा कॅफे, नव्या पाटीसह. तिसरा फेस्टिव्हल, कारण तिथे तुझा हात मोकळा सुटलाय. स्नीकर्स, क्रीम, ॲप आणि ज्यूस तुझ्या संगणकात राहू दे. अर्ज पाठवायला उशीर होईल असं वाटत असेल तर फेस्टिव्हल आणि कॅफे आधी पाठव आणि ईमेलमध्ये लिही की एका मसाल्याच्या पाकिटाचं काम चालू आहे, मुलाखतीला येताना पाकीट घेऊन येईन. भरलेलं ने.